फ्लॅटचं भाडं आणि करारातल्या अटी: बोलणी कशी करायची

पुण्यात वाकडचा फ्लॅट सोडताना प्रॉपर्टी मॅनेजरने स्वयंपाकघराच्या चौकटीजवळ उभं राहून मोबाइलवर एक फोटो काढला. त्या भिंतीवर पेन्सिलच्या सात आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीच्या शेजारी तारीख. दर तीन महिन्यांनी लेकीला तिथं उभं करून आम्ही तिची उंची मोजायचो. चार दिवसांनी हिशेब आला. ७५,००० च्या डिपॉझिटमधून रंगकाम २२,०००, साफसफाई ४,०००, गिझर दुरुस्ती ३,५००, इतर ४,५००. हातात आले ४१,०००.

मी करार काढून वाचला. त्यात या विषयावर एकच वाक्य होतं: 'जागा मूळ स्थितीत परत करावी.' त्याच करारावर आम्ही सह्या केल्या होत्या, अंगठ्याचा ठसा म्हणजे थंब दिला होता. आणि त्याआधीचे दोन आठवडे भाड्यातले हजार रुपये कमी करून घेण्यासाठी फोनवर फोन केले होते. पहिल्या अकरा महिन्यांत त्या घासाघिशीने ११,००० वाचले. एका वाक्याने ३४,००० गेले.

त्यानंतर आमचे स्वतःचे तीन करार झाले, आणि मावसभाऊ, ऑफिसमधल्या मैत्रिणी अशा बऱ्याच जणांच्या करारांच्या वेळी मी शेजारी बसले. भाड्याचा आकडा ही करारातली एक ओळ असते. बोलणी सगळ्या कागदावर करायची असतात आणि ती टोकन, म्हणजे घर आपल्यासाठी राखायला दिलेली आगाऊ रक्कम, देण्याआधी करायची असतात. पुढे लिहिलंय ते पुण्याच्या अनुभवावरून, पण कायद्याचा भाग मुंबई-ठाणे-नाशिक, सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे.

समोर कोण बसलंय ते आधी ओळखा

हिंजवडी, बाणेर, खराडी या भागांत बऱ्याच फ्लॅटचे मालक तिथं राहत नाहीत. कोणी बंगळूरला, कोणी अमेरिकेत, कोणी कोथरूडलाच पण कटकट नको म्हणून फ्लॅट कंपनीकडे सोपवलेला. मग तुमच्याशी बोलणारा माणूस एजंट असतो किंवा प्रॉपर्टी मॅनेजर. एजंटला सौदा लवकर व्हावा असं वाटतं, कारण त्याची ब्रोकरेज सौदा झाल्यावरच मिळते. मॅनेजरला त्याबरोबर पुढची दोन वर्षं तक्रारी येऊ नयेत असंही वाटतं. आणि मालकाला दोन गोष्टींची भीती असते: घर रिकामं राहील, किंवा घरात अशी माणसं येतील की जी भाडं थकवतील आणि निघणार नाहीत.

म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "सर, भाडं आणि अटी तुमच्या हातात आहेत की मालकांना विचारावं लागेल?" या प्रश्नाने कोणी दुखावत नाही. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की ताब्याची तारीख, दुरुस्त्या, पार्किंगची जागा, साफसफाई यावर मॅनेजर स्वतः हो म्हणू शकतो. भाडं, डिपॉझिट आणि मुदत यांसाठी तो मालकाला फोन करतो. तुमच्या मागण्या तशाच दोन भागांत मांडा. मॅनेजरच्या हातातल्या गोष्टी जागेवर मिटवून घ्या, बाकीच्या लेखी द्या म्हणजे त्या मालकापर्यंत जशाच्या तशा पोचतील.

आणखी एक विचारा: करारावर सही कोण करणार? मालकाच्या वतीने दुसरं कोणी सही करणार असेल तर त्याच्याकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी हवी, आणि तिच्यात भाड्याने देण्याचा आणि दस्त नोंदवण्याचा अधिकार लिहिलेला हवा. ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. शक्य असेल तर मालकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला. आम्ही बाणेरचा फ्लॅट घेताना ठरवून बोललो, पाच मिनिटांचंच बोलणं झालं. नंतर रिन्यूअलच्या वेळी ती ओळख उपयोगी पडली.

घर बघताना भाड्याबद्दल बोलू नका, माहिती गोळा करा

त्याच सोसायटीत, त्याच आकाराच्या फ्लॅटला सध्या काय भाडं चाललंय हे तुम्हाला मॅनेजरपेक्षा जास्त नेमकं माहीत हवं. वेबसाइटवरचे आकडे हे मागितलेले असतात, मिळालेले नसतात. मिळालेला आकडा कळण्याचे दोन मार्ग आहेत. सोसायटीत राहणाऱ्या भाडेकरूला विचारणं हा पहिला. लिफ्टमध्ये, खाली मुलांच्या खेळाच्या जागेत, लोक मोकळेपणाने सांगतात. दुसरा मार्ग सरकारी आहे. महाराष्ट्रात हे करार नोंदवले जातात आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा सारांश देणारी पानं, शोधता येतात. थोडी चिकाटी लागते, पण एकदा हाती लागलं की वाद राहत नाही.

वॉचमनला विचारा, हा फ्लॅट किती दिवस बंद आहे. महिना झाला असेल तर तुमची बाजू मजबूत आहे. उन्हाळ्यात टँकर येतात का, किती येतात, लिफ्टला बॅकअप आहे का, हेही त्याच्याकडूनच कळतं. बाणेर-वाकडच्या पट्ट्यात पाण्याचा प्रश्न नीट विचारून घ्याच. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा घेतात, हा फरक महिन्याला जाणवतो.

घरात असताना प्रत्येक नळ सोडून बघा. कमोडचं फ्लश, गिझर, एक्झॉस्ट फॅन, खिडक्यांच्या जाळ्या, दारांची कुलपं. बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून ओल आहे का बघा. जे बिघडलेलं दिसेल ते तिथंच कागदावर लिहा. या यादीचा पुढे दोनदा उपयोग होतो: बोलणी करताना आणि घर सोडताना.

वेळेचाही विचार करा. एप्रिल ते जुलै पुण्यात घरांना सगळ्यांत जास्त मागणी असते, कारण शाळा-कॉलेजं आणि नव्या नोकऱ्या तेव्हाच सुरू होतात. त्या महिन्यांत भाडं फारसं कमी होत नाही, अटींवर जोर द्या. पितृपक्षात मात्र बरीच कुटुंबं घर बदलत नाहीत, त्यामुळे फ्लॅट बंद पडून राहतात. तुम्हाला स्वतःला चालत असेल तर त्या पंधरवड्यात बोलणी करा. ताबा घटस्थापनेला घ्या.

आकडा कसा ठरवायचा

आमच्या बाणेरच्या फ्लॅटला मागणी होती ३२,०००, अकरा महिन्यांनंतर १० टक्के वाढ. मी ३०,५०० मागितले, २२ महिन्यांचा करार आणि मध्ये ५ टक्के वाढ. मॅनेजरला वाटलं मी फक्त दीड हजार कमी मागतेय. मांडणी करून बघा. त्यांच्या हिशेबाने पहिले अकरा महिने ३,५२,००० आणि पुढचे अकरा महिने ३५,२०० दराने ३,८७,२००, एकूण ७,३९,२००. माझ्या हिशेबाने ३,३५,५०० आणि ३२,०२५ दराने ३,५२,२७५, एकूण ६,८७,७७५. फरक ५१,४२५ रुपयांचा. त्यातले ३४,९२५ दुसऱ्या टप्प्यातले आहेत, आणि त्यात जवळपास अर्धा वाटा एकट्या वाढीच्या टक्क्याचा आहे. बहुतेक लोक पहिल्या आकड्यावर सगळी ताकद घालवतात आणि 'वाढ दहा टक्के' हे वाक्य न बोलता मान्य करतात.

मालकाच्या बाजूनेही हिशेब मांडा, आणि तो त्यांना सांगा. दीड हजार गुणिले अकरा म्हणजे १६,५००. ३२,००० भाड्याचं घर पंधरा-सोळा दिवस बंद राहिलं तर तेवढेच पैसे जातात, शिवाय त्या काळाचं मेंटेनन्स मालकाच्याच खिशातून. त्यात २२ महिन्यांचा भाडेकरू म्हणजे मध्ये नवा भाडेकरू शोधायला नको, पुन्हा रंग नको, पुन्हा घर बंद नको. यात धमकी काहीच नाही, मालकाचा खरोखर फायदा आहे. तो शांतपणे दाखवला की बोलणी कडू होत नाहीत.

भाड्याच्या बदल्यात तुम्ही काय देऊ शकता याची यादी करा. जास्त मुदत. ताबडतोब ताबा, म्हणजे घर आणखी रिकामं राहणार नाही. दर महिन्याच्या एक तारखेला बँकेतून आपोआप जाणारं भाडं. आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, त्यांना विचारून दिलेला. घर घेताना हा नंबर स्वतःहून पुढे करणारे लोक कमी असतात, आणि मालकाच्या मनातली दुसरी भीती त्याने निम्मी होते.

डिपॉझिट वाढवून भाडं कमी करायची पद्धतही आहे. साध्या मुदत ठेवीला ६ टक्के व्याज धरलं तर एक लाखाला वर्षाचे ६,०००, महिन्याचे ५०० मिळतात. म्हणजे एक लाख जास्त डिपॉझिट देऊन भाडं ५०० पेक्षा जास्त कमी होत असेल तरच हिशेब जमतो. पण मी याच्या विरुद्ध आहे. व्याजाचा हिशेब जमला तरी मोठी रक्कम परत मिळवण्याची काळजी तुमच्या मागे लागते. भाडं अजिबात नाही, फक्त दहा-वीस लाखांचं हेवी डिपॉझिट, अशा व्यवहारात तर आयुष्याची बचत एका अनोळखी माणसाच्या हातात जाते. तो फ्लॅट गहाण असेल, मालकाचे हप्ते थकलेले असतील, तर तुम्हाला ते कळणारही नाही.

दुसरा फ्लॅट कमी भाड्यात मिळतोय असं खोटं सांगू नका. मॅनेजर त्या भागातले सगळे फ्लॅट ओळखतो. खरोखर दुसरा फ्लॅट असेल तर सोसायटीचं नाव आणि भाडं सांगा, पुरे.

मालकाला पुढे पाठवता येईल असा मेसेज

फोनवर बोललेलं मॅनेजर मालकाला त्याच्या शब्दांत सांगतो आणि त्यात तुमची बाजू पातळ होते. म्हणून सगळं एका मेसेजमध्ये लिहा. आम्ही हा पाठवला होता:

"नमस्कार सर. काल दाखवलेला फ्लॅट आम्हाला पसंत आहे. राहणार आम्ही तिघं: मी, मिस्टर आणि मुलगी, ती दुसरीत आहे. आम्हा दोघांच्या नोकऱ्या पुण्यातच आहेत. आधीच्या घरमालकांचा नंबर देते, त्यांच्याशी जरूर बोला. आमचा प्रस्ताव: भाडं ३०,५०० मेंटेनन्ससह, डिपॉझिट ९०,०००, करार २२ महिने, अकरा महिन्यांनी ५ टक्के वाढ. पुढच्या रविवारी ताबा घेऊ शकतो, त्याच दिवसापासून भाडं सुरू. त्याआधी बेडरूमच्या बाथरूमचा गळणारा नळ आणि बाल्कनीची जाळी बदलून मिळावी. मालकांना विचारून शुक्रवारपर्यंत कळवाल का?"

मालकाने ३१,५०० सांगितले. आम्ही ३०,५०० वर राहिलो, पण मॉड्युलर किचनची चिमणी आमच्या खर्चाने सर्व्हिस करू असं म्हटलं. ते पाच-सातशेचं काम होतं. शनिवारी सकाळी होकार आला. हो किंवा नाही यायला दिवस दिले की समोरचा विचार करतो. 'आत्ताच सांगा' म्हटलं की तो नाही म्हणतो.

टोकन देण्याआधी करार वाचा

'आधी टोकन द्या, मग ड्राफ्ट पाठवतो' असं सगळीकडे म्हणतात. टोकन दिलं की तुमची बोलण्याची ताकद संपते. मी ड्राफ्ट मागते आणि म्हणते, "वाचला की एका तासात टोकन पाठवते." अजून एकाही मॅनेजरने नकार दिलेला नाही. न बघितलेल्या घरासाठी, बदलीवर निघालोय म्हणणाऱ्या अनोळखी माणसाने पाठवलेल्या क्यूआर कोडवर तर एक रुपयाही पाठवू नका.

महाराष्ट्रात राहत्या घरासाठी बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा, करार होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. 'नोटरी करू, स्वस्तात होईल' असं कोणी म्हणालं तर हे सांगा. दस्त घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो. अ‍ॅग्रीमेंटवाला थंबचं मशीन घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं.

अकरा महिन्यांचाच करार का, असं विचारलं तर लोक सांगतात नोंदणी टाळायला. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यावरून ती सवय पडली. महाराष्ट्रात नोंदणी तशीही करायचीच आहे, मग २२ किंवा ३३ महिने मागायला काय हरकत आहे? लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

आता अटींकडे या. इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते.

डिपॉझिट परत मिळण्याची अट. ड्राफ्टमध्ये बहुधा 'ताबा दिल्यानंतर योग्य त्या वजावटी करून परत करण्यात येईल' असं असतं. 'योग्य त्या' कोणी ठरवायच्या आणि 'नंतर' म्हणजे किती दिवसांनी, दोन्ही मोकळं सोडलेलं. मी हे वाक्य सुचवते: 'ताबा घेतानाच डिपॉझिटची रक्कम परत केली जाईल. वजावट फक्त थकीत भाडं, थकीत वीजबिल आणि सोबतच्या यादीतल्या वस्तूंच्या मोडतोडीपुरती, बिल दाखवून. रोजच्या वापराने होणारी झीज आणि भिंतींचा रंग वजावटीत धरला जाणार नाही.' मॅनेजर बऱ्याचदा 'ताबा घेतानाच' वर अडतो, म्हणतो की हिशेबाला सात दिवस लागतात. सात दिवस मान्य करा, पण आकडा लिहून घ्या. रंगावर ते अडले तर एक मधला रस्ता आहे: २२ महिने पूर्ण राहिलात तर रंगाचे पैसे शून्य, लवकर निघालात तर ठरलेली रक्कम, आणि ती रक्कम आत्ताच लिहायची. आमच्या बाणेरच्या करारात असंच लिहिलं गेलं.

लॉक-इन आणि नोटीस. लॉक-इन म्हणजे त्या काळात घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावं लागतं. बऱ्याच ड्राफ्टमध्ये ते फक्त भाडेकरूवर असतं आणि मालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामं करून घेऊ शकतो. दोन्ही बाजूंना सारखं हवं, एवढं एकच वाक्य म्हणा: "सर, आम्ही सहा महिने जाणार नाही, तुम्हीही सहा महिने काढणार नाही." याला नाही म्हणणं कोणालाही अवघड जातं. नोकरीत बदली होण्यासारखी असेल तर तेवढ्यापुरता अपवाद लिहून घ्या, बदलीचं पत्र दाखवल्यावर लॉक-इन नाही असा. मालक फ्लॅट विकायला काढणार असेल तर ते आधी विचारा. विक्रीसाठी ग्राहक घर बघायला येणार असतील तर कोणत्या दिवशी, किती आधी कळवून, हेही ठरवा.

दुरुस्त्या. किरकोळ भाडेकरूच्या, मोठ्या मालकाच्या, असं लिहिलेलं असतं. किरकोळ म्हणजे किती? एक आकडा घाला. आम्ही १,००० रुपये घातला: त्याखालची दुरुस्ती आमची, त्यावरची मालकाची. नळजोडणी, वायरिंग, ओल, गिझर आणि एसी यांची नावं घेऊन ती मालकाकडे ठेवा. कळवल्यापासून किती दिवसांत काम व्हावं आणि नाही झालं तर आम्ही करून घेऊन बिलाची रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करू, हेही.

मेंटेनन्स आणि सोसायटी. सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर, मालक स्वतः राहत नसल्याबद्दल, बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. हे शुल्क फ्लॅटच्या मालकाला लागतं, ते तुमच्या भाड्यावर चढवायचा प्रयत्न झाला तर हा आदेश माहीत असू द्या. शिफ्टिंगच्या दिवशी सोसायटी काही रक्कम मागते का, हेही आधी विचारून ती कोणी द्यायची ते ठरवा. पार्किंगचा नंबर करारात लिहून घ्या. 'पार्किंग आहे' आणि 'बी-४२ पार्किंग' यात पावसाळ्यात फार फरक पडतो.

वस्तूंची यादी. पंखे किती, ट्यूब किती, गिझर कुठल्या कंपनीचा, वॉर्डरोब, पडद्यांचे रॉड. ऑनलाइन नोंदणीच्या मसुद्यात फर्निचर आणि उपकरणांची यादी जोडता येते, ती रिकामी सोडू देऊ नका. एखादी वस्तू आधीच मोडकी असेल तर 'झाकण तुटलेलं' असं त्या वस्तूपुढे लिहा.

सगळ्या अटी मान्य होणार नाहीत. माझ्या मते डिपॉझिट आणि दोन्ही बाजूंचं लॉक-इन यांवर मागे हटू नये, बाकी ठिकाणी देवाणघेवाण करावी. आणि जे ठरलं ते करारात यायला हवं. मॅनेजर बदलतो, त्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो.

नोंदणीचा खर्च

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्क्यांवर काढतात. आमचं उदाहरण: भाडं ६,८७,७७५, डिपॉझिट ९०,००० चे २२ महिन्यांचे १६,५००, बेरीज ७,०४,२७५. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण १,७६१. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. त्यावर अ‍ॅग्रीमेंटवाल्याची फी. म्हणून कोणी शुल्क म्हणून आठ-दहा हजार सांगितले तर सरकारी पावत्या मागा. रिवाज अर्धा-अर्धा वाटून घेण्याचा आहे, ते मला रास्त वाटतं.

ब्रोकरेजवरही बोलता येतं. एक महिन्याचं भाडं मागतात. फ्लॅट एकाच एजंटकडे नसेल तर पंधरा दिवसांवर तयार होणारे भेटतात. मात्र हे घर बघायच्या आधी ठरवा, आणि रिन्यूअलला पुन्हा ब्रोकरेज नाही हेही.

भाडं ५०,००० च्या वर असेल, किंवा मालक परदेशात असेल तर

महिन्याचं भाडं ५०,००० पेक्षा जास्त असलं तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापलेला कर, सरकारकडे भरायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी हा दर ५ टक्के होता. मालक करासाठी अनिवासी असेल तर गोष्ट वेगळी. तिथं ५०,००० ची मर्यादा लागू होत नाही, आणि सर्वसाधारण दर ३० टक्के अधिक ४ टक्के सेस म्हणजे ३१.२ टक्के आहे. मालकाने प्राप्तिकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणलं असेल तर त्या दराने कापायचं. न कापल्याची जबाबदारी तुमच्यावर येते. पुण्यात मालक अमेरिकेत किंवा आखातात असणं अगदी नेहमीचं आहे आणि हे माहीत नसलेले भाडेकरूही नेहमीचेच. म्हणून बोलणी चालू असतानाच विचारा: मालक निवासी आहेत का? अनिवासी असतील तर ठरलेलं भाडं टीडीएस धरून आहे हे लिहून घ्या, आणि सीएची फी कोण देणार तेही. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅन लागतो. तो करारातच येऊ द्या.

ताबा घ्यायच्या दिवशी

सामान वर चढवण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. मुख्य दारापासून सुरू करा, प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मॅनेजरला पाठवा, खाली दोन ओळी लिहून: 'आज ताबा घेतला. बेडरूमच्या खिडकीखाली ओल आणि हॉलमध्ये दोन खिळ्यांची भोकं आधीपासून आहेत.' महावितरणचं मागचं बिल भरलेलं आहे का ते बघा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचं काम मालकाचं असतं, पण ऑनलाइन अर्जाची प्रत मागून ठेवा. सोसायटीलाही लागते.

रिन्यूअल दोन महिने आधी सुरू करा

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर मालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. मुदत संपून 'बघू, करू' म्हणत राहणं ही भाडेकरूसाठी सगळ्यांत कमजोर स्थिती आहे. दोन महिने आधी मेसेज करा, म्हणजे पटलं नाही तर घर शोधायला वेळ राहतो.

दहा टक्के वाढ हा रिवाज आहे, कायदा नाही. काही जण कायद्यातल्या ४ टक्के वार्षिक वाढीचा दाखला देतात. ती तरतूद जुन्या भाडेकरारांसाठी आहे, लिव्ह अँड लायसन्समध्ये जे ठरेल ते, त्यामुळे तो मुद्दा मांडून उपयोग होत नाही. त्याऐवजी सोसायटीतला चालू दर दाखवा, आणि तुमचा इतिहास: इतक्या महिन्यांत एकदाही भाडं उशिरा नाही, सोसायटीची एकही तक्रार नाही. आमच्या रिन्यूअलला मालकांनी ८ टक्के सांगितले. मी वाढ ६ टक्क्यांवर आणली आणि हॉलचा रंग करून मागितला. मालकांनी रंग नको, ५ टक्के घ्या म्हटलं.

घर सोडताना

नोटीस ईमेलने किंवा मेसेजने द्या, तारीख लिहून. निघायच्या पंधरा दिवस आधी मॅनेजरला घर बघायला बोलवा आणि वजावटीत काय धरणार ते तेव्हाच विचारा, म्हणजे तुमच्या माणसाकडून दुरुस्त करून घेता येतं. बाणेरला मॅनेजरने वॉशिंग मशीनच्या नळाचे १,८०० सांगितले होते. आमच्या प्लंबरने ३५० मध्ये बदलला. शेवटच्या दिवशी घर रिकामं झाल्यावर ताबा घेतानाचाच व्हिडिओ त्याच क्रमाने पुन्हा काढा, मीटरचं रीडिंग घ्या, आणि चाव्या देताना 'इतक्या चाव्या मिळाल्या, ताबा घेतला' असा मेसेज मॅनेजरकडून मागा. तो आल्याशिवाय खाली उतरू नका. तुमच्या करारातले सात दिवस त्या मेसेजपासून मोजले जातात.